‘म्यूझिक फ्रॉम बिग पिंक’: पहिल्याच अल्बममध्ये इतके निरनिराळे ढंग का?

कृष्णाकाठ (सांगली)
नमस्कार. ‘द बँड’ या गटाचा १९६८ सालचा हा पहिला अल्बम मी आठवडाभर ऐकतो आहे. फोक-रॉक आणि अमेरिकाना (अमेरिकेच्या जुन्या लोकसंगीत, कंट्री, ब्लूज यांच्या मुळांवर उभे असलेले संगीत) यांच्या चर्चेत त्याचे नाव नेहमी निघत असल्यामुळे मी गिटारच्या दणदणीत सुरुवातीची अपेक्षा धरून बसलो होतो. प्रत्यक्षात पहिलेच गाणे पाच मिनिटांहून मोठे, संथ आणि जवळजवळ रडवेले निघाले. पुढे कुठे चर्चमधल्या प्रार्थनेचा ढंग, कुठे कंट्री, कुठे ब्लूज, आणि आठव्या गाण्याच्या आरंभी तर चक्क ऑर्गनचा गडगडाट. गाणाराही सारखा बदलतो. हे सारे ठरवून केलेले आहे, की पहिल्या अल्बममध्ये येते तेवढे सगळे दाखवण्याची हौस आहे?

पायपेटी (मिरज)
बाकीच्यांचे जाणकार सांगतील, मी ऑर्गनपुरते बोलतो. तो आरंभ जर्मन संगीतकार बाखच्या डी मायनरमधल्या प्रसिद्ध टोकाटाचा (ऑर्गनसाठीच्या भरधाव वादनरचनेचा) आहे, आणि तिथून वादक गार्थ हडसन हळूच स्वतःच्या वाटेला लागतो. त्या काळी बहुतेक रॉक वादक हॅमंड ऑर्गन वाजवत असताना याने लॉरी कंपनीचा ऑर्गन धरला. त्यात सूर किंचित खाली घसरवण्याची सोय होती. पेटीवर मींड निघत नाही ही तक्रार आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत, त्यामुळे कळपट्टीच्या वाद्यातून निघालेली ती घसरण प्रथम ऐकली तेव्हा मी गाणे थांबवून पुन्हा मागे नेले. आमच्या घरी संगीत नाटकाच्या साथीला वाजलेला एक जुना पायांचा ऑर्गन आहे. त्याच्याकडून एवढे लाड होत नाहीत.

जुनी तबकडी (सातारा)
कृष्णाकाठ, अल्बम पहिला असला तरी माणसे नवखी नव्हती. १९६० च्या सुमारास रॉनी हॉकिन्स या गायकाच्या साथीला ही मंडळी एकेक करून जमली, रात्रीमागून रात्री बारमध्ये वाजवली, आणि पुढे १९६५-६६ मध्ये बॉब डिलनच्या दौऱ्यांत त्यांतली बहुतेक प्रेक्षकांची हुर्यो सोसूनही वाजवत राहिली. इतकी वर्षे दुसऱ्याच्या पसंतीचे वाजवल्यावर हातात जे मुरते, तेच इथे बाहेर आले आहे. म्हणून मी याला हौस म्हणणार नाही. गंमत अशी की ज्या संगीताला आज अमेरिकाना म्हणतात, त्याच्या या पायाभूत अल्बममधले चौघे कॅनडाचे होते आणि ड्रमवादक लेव्हन हेल्म एकटा आर्कान्सॉचा. नावातले ‘बिग पिंक’ म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट सॉगर्टीजचे त्यांचे गुलाबी घर. अल्बम त्याच्या तळघरातच रेकॉर्ड झाला असे पुष्कळजण समजतात, ते मात्र खरे नव्हे. गाण्यांची घडण तिथली; रेकॉर्डिंग न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत झाले. मुखपृष्ठावरचे चित्र डिलनचे आहे.

टाळकरी (तासगाव)
गाणारा बदलतो, हीच तर यातली मेख आहे. पाचवे गाणे, ‘द वेट’, हेडफोन लावून ऐका. पहिली तीन कडवी हेल्म म्हणतो, चौथे गटाचा बासवादक रिक डॅन्को घेतो आणि शेवटच्यात दोघे मिळून येतात. ध्रुवपदाच्या शेवटी एकच शब्द निरनिराळे आवाज एकामागून एक उचलतात. आमच्या भजनात बुवांनी चरण सोडला की सगळे टाळकरी एकदम झेलतात; इथे एकेक माणूस पायरी चढून वर येतो आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा ओळखू येतो. याच गाण्यात नाझरेथ गावाचे नाव आहे. गाणे लिहिणारा गटाचा गिटारवादक रॉबी रॉबर्टसन याला ते मार्टिन कंपनीच्या गिटारच्या पोटात छापलेले दिसले होते, कारण पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथलाच तो कारखाना आहे. वाद्ये घडवणाऱ्या मिरजेच्या मंडळींना हे आवडावे.

कृष्णाकाठ (सांगली)
आताच पाचवे गाणे तीनदा ऐकले. दुसऱ्या वेळी आवाज मोजता आले, तिसऱ्या वेळी मोजायचे विसरलो. पायपेटी, तो जुना ऑर्गन अजून वाजत असेल तर रविवारी मिरजेला येऊ का?