अनुभव धागा: खेळाडू ते मॅनेजर, स्कॉटलंडच्या खालच्या लीगमधून (निमित्त डिक कॅम्पबेल)

स्कॉटिश लीगमध्ये 42 क्लब: वर 12 आणि खाली दहा-दहांच्या तीन पायऱ्या (चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू). स्कॉटिश मॅनेजर डिक कॅम्पबेल काउडनबीथ, ब्रीखिन अशा क्लबांत खेळले आणि मॅनेजर म्हणूनही बहुतेक काळ याच पायऱ्यांवर रमले. खालच्या लीगचे सामने नेमाने बघणाऱ्यांनी लिहा: इथला मॅनेजर नेमकं करतो काय? नुसतं कौतुक नको, तपशील हवेत.

मधली फळी
पहिलं काम वेळापत्रकाचं. पार्ट-टाइम क्लबात सराव साधारण मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, खेळाडू दिवसभराची नोकरी उरकून आल्यावर. म्हणजे आठवड्याला जेमतेम तीन तास. त्यातला मंगळवार शनिवारचे मुके मार आणि थकवा सांभाळण्यात जातो. फ्री किक, कॉर्नर आणि बचावाची रेषा यांना उरतो तो गुरुवार. नव्या मॅनेजरची गाडी इथेच अडते. फुल-टाइम क्लबात शिकलेली प्रेसिंगची (चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर धावून दाब टाकण्याची) कवायत तो इथे आणतो, ती दोन संध्याकाळींत बसत नाही आणि ऑक्टोबरपर्यंत पोरं गोंधळून जातात. आखणी साधी ठेवून माणसं नेमकी निवडणं, हे कॅम्पबेल यांचं बळ. जुळा भाऊ इयन सहायक म्हणून वर्षानुवर्षं सोबत, त्यामुळे रोज नव्याने समजावत बसायला नको.

टचलाइन
गेफिल्डबद्दल लिहायलाच हवं. कॅम्पबेल यांनी सांभाळलेल्या आर्ब्रोथ क्लबाचं हे मैदान उत्तर समुद्राला इतकं खेटून आहे की वादळात लाटांचे तुषार आत येतात. वारा पाठीशी असला की लांब पास हमखास गोलरेषेपलीकडे जातो. त्यामुळे वाऱ्यासोबत पायात पास द्यायचा आणि लांबून शॉट घ्यायचे. वारा समोरून असेल तर गोल किक उंच मारायची नाही, चेंडू हवेत थांबून उलटा आपल्याच बॉक्सपाशी पडतो. असा परत पडलेला चेंडू उचलायला मिडफिल्ड दहा पावलं मागे हवं. पाहुणे संघ हे पहिल्या अर्ध्या तासात शिकतात, तोवर कधी कधी एक गोल बसलेला असतो.

लोनवाला
खरा खेळ फोनवर. करार बहुधा वर्षाचे, म्हणून मे-जूनमध्ये अर्धा संघ नव्याने उभा करावा लागतो. उरलेल्या जागा वरच्या क्लबांच्या लोन (तात्पुरत्या उसन्या) खेळाडूंनी भरायच्या. धोका जानेवारीत. 2021-22 मध्ये आर्ब्रोथ चॅम्पियनशिपमधला एकमेव पार्ट-टाइम संघ होता आणि तरी अग्रभागी होता. तेवढ्यात लिव्हिंगस्टनने लोनवरच्या जोएल नूबलला परत बोलावलं. शेवटी किल्मार्नॉक 67 गुण, आर्ब्रोथ 65. वर चढण्यासाठीच्या प्लेऑफमध्ये इनव्हर्नेसचे नऊच खेळाडू उरले होते, तरी पेनल्टींवर हार. माझ्या मते त्या मोसमाला 'परीकथा' म्हणणं अन्यायाचं आहे. 2017 मध्ये लीग टू आणि 2019 मध्ये लीग वन जिंकून बांधलेला संघ होता तो.

डावा बॅक
प्रवास विसरू नका. पीटरहेड ते स्ट्रॅनरार चारशे किलोमीटरहून जास्त, तेही एका दिवसात जाऊन-येऊन. शनिवारी नोकरीची पाळी असलेला खेळाडू बसमध्ये नसतो आणि मॅनेजरला ते गुरुवारीच माहीत असावं लागतं.

मधली फळी
@लोनवाला, बरोबर. एक भर: 2015 पासून लीग टूच्या तळाच्या क्लबाला लीगमधली जागा राखायला हायलँड किंवा लोलँड लीगमधून वर आलेल्या संघाशी प्लेऑफ खेळावा लागतो. 2016 मध्ये ईस्ट स्टर्लिंगशायर एडिनबरा सिटीकडून हरून लीगबाहेर गेले. हाच तो क्लब, जिथे 1974 मध्ये अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी मॅनेजरकीची सुरुवात केली. ही भीती आल्यापासून तळाचे क्लब मॅनेजरला वेळ देत नाहीत. आर्ब्रोथमध्ये कॅम्पबेल यांना 2016 ते 2023 ही वर्षं मिळाली, ते आता दुर्मीळ.

टचलाइन
आणि तिथून सुटल्यावर, सत्तरीत, त्यांनी ईस्ट फाइफ घेतलं. पुन्हा लीग टू.