खराट्याचा हीर आणि चाळिशी
वाफेने भाजलेल्या बोटावर टूथपेस्ट लावण्याचा आणि नजर टिकावी म्हणून रोज डोळ्यांत मधाचा थेंब घालण्याचा सल्ला काही जण देतात. दोन्हींबाबत माझे मत वेगळे आहे. भाजल्याबरोबर बोट नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटे धरावे, कारण कातडीत साठलेली उष्णता त्याने उतरते. टूथपेस्टच्या लेपाने मात्र आग वाढते आणि डॉक्टरांना जखमही नीट दिसत नाही.

गेल्या महिन्यात खराट्याचा हीर माझ्या अंगठ्याच्या नखाखाली घुसला, तेव्हा चाळिशी न लावता सुईने टोकरत बसल्यामुळे तो आतच मोडला आणि अंगठा दोन दिवस ठणकत राहिला (हट्ट, दुसरे काय!). जवळचे धूसर दिसणे हा डोळ्यातील भिंग वयाबरोबर ताठर होण्याचा परिणाम असून मधाने किंवा गुलाबपाण्याने ते पुन्हा लवचिक होत नाही. उलट घरातल्या बरणीतला मध डोळ्याला संसर्ग करू शकतो. काचबिंदू (बहुधा डोळ्यांतील दाब वाढून डोळ्याची नस खराब होण्याचा विकार) तर बहुधा काहीच न दुखता कडेची नजर खात जातो आणि गेलेली नजर परत येत नाही, म्हणून चष्म्याचा नंबर काढायला जाल तेव्हा डोळ्यांतील दाबही मोजून घ्यावा. मधुमेह असल्यास औषधाच्या थेंबांनी डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करून आतल्या पडद्याची तपासणी दरवर्षी करावी.