शब्दचर्चा: 'विसंवाद' - संगीतातला आणि संसारातला

अनुस्वार:
आमच्या श्रवणगटात पुढच्या बैठकीला हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकचा 'ब्लूबिअर्ड्स कासल' हा ऑपेरा ऐकायचा ठरला आहे. त्यासाठी मराठीत चार पानी टिपण लिहिते आहे आणि एका शब्दावर अडले आहे, म्हणून हा धागा.

ज्यांनी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. युदित आईवडील, भाऊ आणि ठरलेला नवरदेव सोडून ब्लूबिअर्डच्या मागे त्याच्या गढीत येते. आत अंधार, ओलसर भिंती आणि सात बंद दारं. प्रेमाच्या हक्काने ती एकेक किल्ली मागत जाते. छळघर, शस्त्रागार, खजिना, बाग, राज्य, अश्रूंचं तळं आणि सातव्या दाराआड त्याच्या आधीच्या तीन बायका. पहिल्या पाचही दारांत तिला कुठे ना कुठे रक्त दिसतं. एकच अंक, तासाभराचा. गाणारे दोघंच. संहिता बेला बालाझची, संगीत १९११ सालचं, पहिला प्रयोग बुडापेस्टला २४ मे १९१८ रोजी.

रक्त दिसतं तेव्हा वाद्यवृंदात अगदी शेजारचे, अर्ध्या स्वराच्या अंतरावरचे दोन सूर एकमेकांवर आदळतात. पेटीवर एखादी पांढरी पट्टी आणि तिला लागून असलेली काळी पट्टी एकदम दाबून पाहा, कळेल. याला 'डिसोनन्स' म्हणतात आणि मराठीत मी 'विसंवाद' लिहिलं. पण "पहिल्या दारापासूनच विसंवाद ऐकू येतो" हे वाक्य गटातल्या एका मैत्रिणीला वाचायला दिलं, तर ती म्हणाली, "म्हणजे दोघं दारातच भांडायला लागतात का?" तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. संगीतासाठी वेगळा शब्द आहे का? की हाच ठेवू?

काळी चार:
शास्त्रात शब्द आहे: विवादी. वादी, संवादी, अनुवादी, विवादी ही चौकडी थेट भरताच्या नाट्यशास्त्रातली. तिथे ज्या स्वरांमध्ये दोन श्रुतींचं (श्रुती म्हणजे स्वरांमधलं सूक्ष्म अंतर मोजायचं माप) अंतर, ते एकमेकांचे विवादी, उदाहरणार्थ ऋषभ-गांधार आणि धैवत-निषाद. दोन श्रुती म्हणजे जवळपास अर्धा स्वरच. तुमचे ते रक्ताचे सूर या व्याख्येत चपखल बसतात.

तरी टिपणात 'विवादी' लिहू नका. आज रागसंगीतात विवादी म्हणजे रागात न बसणारा स्वर. तो जपून, क्वचित लावला तर रागाची शोभाच वाढते. बिहागातला तीव्र मध्यम असाच शिरला आणि आता घरचा झाला. शिवाय आपल्याकडे स्वर एकामागून एक येतात, एकाच वेळी दोन सूर भिडवायची पद्धत नाही. त्यामुळे वाचक भलतीकडेच जाईल.

एक विनंती, 'बेसूर' मात्र कुणी सुचवू नका. बेसूर हा गाणाऱ्याचा दोष. इथे तो सूर रचनाकाराने मोजूनमापून लावलेला आहे.

जुनं पान:
'विसंवाद'चा अर्थ मराठीत सरकलेला आहे, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. संस्कृतात विसंवाद म्हणजे मागचं-पुढचं न जुळणं, परस्परविरोध. दिलेला शब्द न पाळणं असाही अर्थ आहे. आजच्या वर्तमानपत्री मराठीत "पती-पत्नीतील विसंवाद" म्हटलं की 'दोघांत बोलणं होत नाही' एवढंच वाचलं जातं. 'संवाद'चा अर्थ संभाषण एवढाच उरला, म्हणून 'विसंवाद' म्हणजे संभाषणाचा अभाव. मैत्रिणीचा घोटाळा यातूनच झाला.

आता नवरा-बायकोच्या बेबनावासाठी मराठीत किती शब्द आहेत बघा. कुरबूर, धुसफूस, खटके उडणं, तोंडाला तोंड देणं, रुसवा, अबोला, दुरावा, बिनसणं, फाटणं. प्रत्येकाची पायरी वेगळी. धुसफूस आतल्या आत असते, खटका क्षणात उडतो, अबोला दिवसेंदिवस चालतो. यांतलं युदित आणि ब्लूबिअर्डमध्ये नेमकं काय आहे? तुम्ही सांगता त्यावरून मला एकही शब्द लागू पडताना दिसत नाही. ती मागते, तो नको नको म्हणत देतो. भांडण कुठे आहे?

राइनकाठ:
हा ऑपेरा मी जर्मनीत रंगमंचावर पाहिला आहे, आणि 'जुनं पान' यांनी नेमका कळीचा प्रश्न विचारला आहे. त्यात आवाज चढवून भांडण असं होतच नाही. तो तिला पुन्हा पुन्हा एवढंच म्हणतो की प्रेम कर, विचारू नकोस. ती म्हणते, प्रेम करते म्हणूनच विचारते. दोघांच्याही ओळी आठ-आठ अक्षरांच्या, हंगेरियन लोकगीतांच्या चालीवरच्या. बार्टोकने त्याचा संगीतकार मित्र कोदायच्या बरोबरीने खेडोपाडी फिरून लोकगीतं गोळा केली होती, तो कान इथे लागलेला आहे. त्यामुळे शब्दांच्या घडणीत दोघं एकाच घरचे वाटतात. फरक आहे तो सुरांत. ब्लूबिअर्डच्या ओळी बऱ्याचदा पाचच स्वरांत फिरतात, हळूहळू उतरत जातात, जुन्या आणि बंदिस्त वाटतात. युदितच्या ओळी अस्वस्थ आहेत, अर्ध्या अर्ध्या स्वरांनी पुढे सरकणाऱ्या. एकाच छंदात बोलणारी दोन माणसं एकमेकांच्या सुरात काही येत नाहीत. भांडण आहे ते इथे.

पण मला खरं बोलायचंय ते पाचव्या दाराबद्दल, कारण अनुस्वार यांच्या शब्दाचा निकाल तिथेच लागतो.

पाचवं दार उघडतं आणि ब्लूबिअर्डचं सगळं राज्य समोर पसरतं. डोंगर, नद्या, कुरणं. आतापर्यंत अंधारात कुजबुजणारा वाद्यवृंद इथे पूर्ण ताकदीने सी मेजरमध्ये, म्हणजे सी या सुराला सा धरून शुद्ध स्वरांत, उसळतो. सोबत ऑर्गन आणि जादा पितळी वाद्यं. युदितच्या तोंडून वरच्या टिपेचा एक उद्गार निघतो. त्याहून स्वच्छ, त्याहून सुसंवादी आवाज या सगळ्या तासाभरात नाही. विसंवादाचा तिथे लवलेशही नाही.

आणि मग वाद्यवृंद थांबतो. एकाही वाद्याच्या साथीशिवाय, हळू आवाजात युदित म्हणते, तुझं राज्य सुंदर आहे, मोठं आहे. बस. तो पुन्हा सगळं वैभव दाखवतो, ती पुन्हा तशीच बोलते. तिची नजर ढगांच्या सावलीकडे गेलेली असते, आणि ती सावली रक्ताची आहे.

नवऱ्याने आयुष्यातलं सर्वांत मोठं देणं तिच्यासमोर ठेवलं आणि बायको तिथे मनाने नाहीच. आवाजात सगळं जुळलंय आणि माणसांत सगळं तुटलंय. म्हणून माझं मत असं की ध्वनीतल्या टकरीला आणि माणसांतल्या तुटण्याला एकच शब्द वापरलात, तर पाचव्या दारापाशी तुमच्या टिपणाला काही सांगताच येणार नाही.

काळी चार:
हे वाचून ती जागा ऐकली. साधा प्रश्न, सुरुवात कुठल्या सुरावर आहे?

राइनकाठ:
एफ शार्पवर. अंधार म्हणजे एफ शार्प, शेवटही तिथेच. पाचव्या दाराचा सी त्याच्यापासून बरोबर अर्ध्या सप्तकावर.

काळी चार:
म्हणजे एफ शार्पला सा धरला तर सी हा तीव्र म. सा पासून खालून मोजा की वरून, अंतर सारखंच. याहून लांब जाताच येत नाही. प्रकाशाचं दार अंधारापासून जास्तीत जास्त दूर ठेवलंय आणि तिथून पुढे परतीचाच रस्ता. हे टिपणात घालाच, पेटी वाजवणाऱ्याला लगेच कळेल.

शब्दाबद्दल: रेकॉर्डिंगला बसलेली मंडळी सरळ "सूर क्लॅश होतायत" म्हणतात. मराठीत मी 'सुरांची टक्कर' म्हणेन. त्यात दोन सूर एकाच वेळी भिडल्याचा अर्थ आहे, आणि दोष दिल्याचा वासही नाही.

जुनं पान:
'टक्कर' पटलं. रक्ताच्या त्या दोन सुरांना 'टक्कर' आणि 'विसंवाद' माणसांसाठी राखून ठेवा. मात्र विसंवाद म्हणजे बोलणं बंद, असा उथळ अर्थ घेऊ नका. इथे दोघं तासभर बोलतातच. 'मागचं पुढच्याशी न जुळणं' हा जुना अर्थ जागा करा. पाचव्या दारात त्याचं गाणं आणि तिचं गाणं जुळत नाही, याला विसंवाद हा अगदी नेमका शब्द आहे.

आपल्या संगीत नाटकात याचं उदाहरण शोधत होतो. 'एकच प्याला'त, १९१९ सालच्या, सिंधू "कशी या त्यजू पदाला" म्हणते. तिथे संसाराची वाताहत आहे, पण पद एकटीचं, आणि पदापुरता प्रसंग थांबतो. तिच्या नवऱ्याचा, सुधाकरचा सूर त्याच वेळी तिच्या सुराला छेद देतोय असं होत नाही. विसंवाद गद्यात राहतो, पदात तिची निष्ठा येते. पद्धतच वेगळी. म्हणून आपल्या शब्दांना ही जागा कधी भरावी लागली नाही, असं मला वाटतं.

राइनकाठ:
दोघं एकदम गाऊन भांडतात तेव्हाही टक्कर लागतेच असं नाही. मोझार्टच्या 'फिगारोचं लग्न'मध्ये, १७८६, दुसऱ्या अंकात काउंटला संशय येतो की बायकोच्या खोलीत बंद दाराआड कुणीतरी आहे. तो दार उघडायला सांगतो, ती नकार देते. मग तो म्हणतो, "बाईसाहेब, जरा विचारानं घ्या, चारचौघांत शोभा नको." आणि ती तेच शब्द त्याच्यावर उलटवते, "अहो, तुम्हीच विचारानं घ्या." बायकोची दासी सुझाना लपून ऐकत स्वतःशी गाते आहे. स्वरमेळ बहुतांशी गोड. तीच वाक्यं, तोच घराण्याच्या अब्रूचा धाक, आणि दोघंही आतून थरथरताहेत. दा पोन्तेच्या संहितेतली ही जागा मला कुठल्याही आदळआपटीहून खरी वाटते. पाहुणे बाहेर बसलेले असताना स्वयंपाकघरात दबक्या आवाजात होणारं भांडण ज्याने ऐकलंय, त्याला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

अनुस्वार:
सगळ्यांचे आभार. वाक्य असं बदलते: "रक्ताची चाहूल लागली की सुरांची टक्कर ऐकू येते; पण दोघांतला विसंवाद सगळ्यांत उघडा पडतो तो पाचवं दार उघडतं त्या क्षणी, जिथे एकही सूर टकरत नाही."

आणखी दोन शंका. बार्टोकने हा ऑपेरा पत्नी मार्ताला अर्पण केला आहे. पुढे १९२३ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. टिपणात लिहावं का?

राइनकाठ:
अर्पण केल्याचं लिहा. घटस्फोट वगळा. लग्न १९०९ चं, ऑपेरा १९११ चा. बारा वर्षांनंतरची घटना आधीच्या संगीतात वाचायला लागलो की युदित हे पात्र उरत नाही, ती कुणाची तरी सावली होते. तिचं मन तिच्याच ओळींतून समजून घ्यावं.

अनुस्वार:
पटलं. दुसरी शंका पाचव्या दाराचीच. युदितच्या त्या ओळीवर स्वरलिपीत इटालियन सूचना आहे, 'सेन्झा एस्प्रेसिओने', म्हणजे भाव न आणता. मी 'निर्विकारपणे' लिहिलं होतं.

जुनं पान:
'निर्विकार' नको. त्यात साधलेली शांती आहे, योग्याची. युदितला शांती कुठली?

काळी चार:
कोरड्या आवाजात?

जुनं पान:
'कोरडं' बोलणं मराठीत समोरच्याला लागतं. त्यात बोलणाऱ्याचा राग किंवा तुटकपणा गृहीत असतो. "तिने कोरडेपणाने विचारलं" म्हटलं की ती दुखावलेली आहे हे आलंच. युदित त्याला दुखवायला असं बोलते का?

राइनकाठ:
नाही. मी ऐकलेल्या गायिकांपैकी एकीने ती ओळ थंडपणे, जवळजवळ तुच्छतेने गायली होती, आणि तिथे प्रसंग घसरला. त्याचं राज्य तिला क्षुद्र वाटत नाही. ती दिपलेली आहे आणि त्याच वेळी तिचं लक्ष दुसरीकडे आहे. मूल आजारी असताना कुणी पेढे पुढे केले तर आई "छान आहेत" म्हणते, तसा तो आवाज. शब्द खरे आहेत, मन त्यात नाही.

काळी चार:
मग 'सपाट'. सपाट आवाजात. गाण्यात सपाट तान असते, तिच्याशी गोंधळ व्हायचा नाही, कारण इथे 'आवाजात' जोडलंय. राग नाही, शांती नाही, चढउतार नाही.

जुनं पान:
सपाट चालेल. 'भावहीन' पुस्तकी वाटतं आणि 'भाव न आणता' ही गायिकेला दिलेली सूचना झाली, युदितचं वर्णन नव्हे.

अनुस्वार:
सपाट आवाजात, ठरलं. सहाव्या दारासाठी हार्प आणि चेलेस्टाच्या (घंटांसारखा नाजूक आवाज देणारं पट्ट्यांचं वाद्य) लहरींवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्या आकृतीला 'हुंदका' लिहिलंय. तिथे अश्रूंचं तळं आहे म्हणून.

राइनकाठ:
'उसासा' करा. हुंदका फुटतो, ही आकृती फुटत नाही. दर वेळी खाली बसते आणि परत येते. आणि त्या दाराशी कुणी रडत नाहीये. अश्रू जुने आहेत, आधीच्या बायकांचे. युदितला ते कुणाचे हे कळायला अजून वेळ आहे, त्यानंतरच ती सातवी किल्ली मागते.