जर्मनीत टॉरेंटमुळे वकिलाचं पत्र आलंय, माझं नाव कळलं कसं?

स्टुटगार्टचा_नवखा
मंडळी, मास्टर्सला येऊन चार महिने झालेत, तिघं एका फ्लॅटमध्ये राहतो, नेट माझ्या नावावर. काल पेटीत वकिलांच्या फर्मचं सात पानी पत्र, अमुक तारखेला रात्री ९:४२ ला तुमच्या कनेक्शनवरून हा पिक्चर शेअर झालाय, सोबतच्या कागदावर सही करा आणि ९०० च्या वर युरो भरा, मुदत दहा दिवस. पुण्यात चार वर्षं हॉस्टेलवर हेच केलं, कोणी हूं की चूं नाही. आणि मी शेअर कुठे केला, नुसता डाउनलोड केला! नेटवाले आपण काय उतरवतो ते बघत बसतात का?

कोथरूडकर
नाय रे, नेटवाले नाही बघत. टॉरेंटमध्ये तू उतरवत असतानाच तुकडे दुसऱ्यांना देत पण असतोस, तेच त्यांनी पकडलंय. पिक्चरवाल्यांनी नेमलेली कंपनी त्याच घोळक्यात साधी युजर बनून शिरते, तिथं सगळ्यांचे आयपी, म्हंजे कनेक्शनचे नंबर, उघडेच असतात, मग फाइलचा हॅश (तिची डिजिटल ओळखखूण), आयपी आणि वेळ सेकंदासकट टिपून ठेवते. त्यावरून कनेक्शन कुठल्या कंपनीचं एवढंच कळतं, पुढे कॉपीराइट कायद्याच्या कलम १०१ खाली कोर्टाचा हुकूम आणतात, तेव्हा कुठे नेटवाला नाव-पत्ता देतो. आयपी कुणाला दिला होता हे तो काही दिवसच जपतो म्हणून कोर्टात पळापळ.

बर्लिनची_ताई
याला इथं आबमानुंग म्हणतात, वकिलाकरवी दिलेली ताकीद, माझ्याच ओळखीत तिघांना आलंय. तो कागद आहे तसा सही करू नकोस!! परत सापडलो तर दंड भरीन असं जन्मभराचं लिहून देणं आहे ते, वकील मजकूर बदलून देतो. पण गप्पही बसू नकोस, मुदत गेली तर कोर्टातून मनाई हुकूम येऊ शकतो, त्याचा खर्च अजून वेगळा. फरब्राउखरत्सेंट्रालेत, म्हंजे ग्राहक सल्ला केंद्रात जा, थोडी फी घेतात पण नीट सांगतात. कायद्यातल्या २०१३ च्या बदलानंतर पहिल्यांदा सापडलेल्या साध्या माणसाकडून वकिलाची फी साधारणपणे १००० युरोच्या दाव्यावर धरतात, म्हंजे फी थोडीच होते, त्या ९०० मधला मोठा भाग नुकसानभरपाईचा, घासाघीस तिथेच होते. रूममेटने केलं असतं तर गोष्ट वेगळी होती, तू तर इथं स्वतःच लिहून बसलायस 🙂

टेक्सासचा_बाळू
आमच्याकडे अमेरिकेत १९९८ चा डीएमसीए हा कॉपीराइट कायदा, नोटीस आधी नेटवाल्याकडे आणि तो ती तुम्हाला ढकलतो. २०१३ ला मोठ्या कंपन्यांनी सहा इशाऱ्यांची स्कीम पण काढलेली, २०१७ ला गुंडाळली. मला युनिव्हर्सिटीने कॉपीराइटची क्विझ सोडवेपर्यंत हॉस्टेलचं नेट दिलं नव्हतं, त्यात एकदा नापास झालो ते वेगळंच. आणि भारतात काय, साइट ब्लॉक. २०१६ ला तीन वर्षं जेलवाला मेसेज यायचा आठवतोय? नुसतं बघणं गुन्हा नाही हे मुंबई हायकोर्टानेच सांगितलं होतं.

स्टुटगार्टचा_नवखा
ताई थँक्स, गुरुवारची अपॉइंटमेंट मिळाली. आत्ता लॅपटॉप बघितला तर टॉरेंटचा प्रोग्रॅम खाली कोपऱ्यात चालूच आहे, तोच पिक्चर, तीन आठवडे झाले सीड होतोय, म्हंजे दुसऱ्यांना वाटला जातोय.

बर्लिनची_ताई
अरे देवा. आधी बंद कर ते!