शनिवार पेठेतली जुनी शाळा: दुरुस्त करावी की पाडावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. शनिवार पेठेतल्या एका मराठी शाळेच्या इमारत समितीवर मी माजी विद्यार्थी म्हणून आहे. (दुसरं कुणी तयार होईना, म्हणून मी.) विश्वस्तांना महिनाभरात मत कळवायचंय आणि आमच्यात सरळ दोन तट पडलेत.

पुढचा भाग १९३० च्या सुमाराचा. घडीव दगडाचं जोतं, चुन्यातल्या जाड विटांच्या भिंती, सागवानी तुळया, वर मंगलोरी कौलं. १९६१ च्या पानशेतच्या पुराची रेघ मागच्या खोलीत अजून दिसते. मागची दुमजली आरसीसी विंग १९७४ ची. गंमत अशी की म्हातारा ठणठणीत आहे आणि तरुणाने अंथरूण धरलंय. विंगच्या स्लॅबचे पोपडे पडतात, सळ्या उघड्या पडल्यात. इमारतीच्या मजबुतीचं ऑडिट करणाऱ्यांनी काँक्रीट फोडून त्यावर फिनॉल्फथॅलिन (अल्कधर्म शाबूत असेल तिथे गुलाबी होणारं रसायन) मारलं, तर सळीपर्यंत कुठेच गुलाबी रंग आला नाही. म्हणजे सळीला गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा अल्कधर्म गेला. वरून कितीही गिलावा चोपडा, आत गंज फुगतच राहणार.

जुन्या भागात दोन तुळयांच्या टोकांना वाळवी आहे आणि खालच्या भिंतींना ओल. ती ओल आमचीच करणी. मागे कुणीतरी चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा केला आणि भिंतीतलं पाणी आतच कोंडलं.

एक गट म्हणतो, सगळं पाडून चार मजले बांधा. दुसरा विंगलाही हात लावू देत नाही. माझं मत: विंग पाडावी, पुढचा भाग राखावा. पट दर वर्षी घसरतोय, हे बैठकीत कुणी मोठ्याने बोलत नाही. चार मजल्यांवर बसवणार कुणाला?

अडचण ही की विंगची स्लॅब जुन्या भिंतीत घुसवलेली आहे. ती काढताना भिंत वाचते का? परवानगीचा प्रश्न येऊ नये. शनिवारवाड्यापासून आम्ही १६० मीटरवर आहोत, म्हणजे संरक्षित स्मारकाभोवती बांधकामाला मनाई असते त्या १०० मीटरच्या क्षेत्राबाहेर.

प्रतिसाद १
वाचते, पण घाई नको. आधी जुन्या भागाला आतून टेकू द्या. मग स्लॅब भिंतीपासून हातभर अंतरावर कटरने कापून सुटी करा. ब्रेकर लावलात तर चुन्याचे सांधे हादरतील. भिंतीत उरलेला तुकडा हाताने, एकेक खण काढायचा आणि खाच लगेच विटा-चुन्याने भरायची. पावसाळ्यात तर नाहीच. सिमेंटचा गिलावा मात्र आजच उतरवा, भिंत सुकायला वेळ लागतो.

प्रतिसाद २
ते १६० मीटर कुठून मोजलेत? कायद्यात अंतर संरक्षित हद्दीपासून धरतात. १०० मीटरच्या आत निघालात तर नवं बांधकाम होत नाही. १६ जून १९९२ च्या आधीच्या इमारतीची दुरुस्ती तेवढी करता येते, तीही परवानगी घेऊन. पुढच्या २०० मीटरच्या पट्ट्यातही परवानगी लागतेच. आधी पाडलंत आणि मग मोजलंत, तर हातात मोकळी जागा राहील.

धागाकर्ता
फोनच्या नकाशावर, दिल्ली दरवाज्यापासून, म्हणजे वाड्याच्या उत्तरेच्या मुख्य दरवाज्यापासून. आणि आमची शाळा पश्चिमेच्या तटाकडे आहे. उद्या सर्व्हेअरला बोलावतो. चार मजलेवाल्यांना अजून सांगितलेलं नाही.