सर्वकाळचा श्रेष्ठ टेनिसपटू कोण? माझं मत जोकोविचला

सड्यावरून (रत्नागिरी)

थेट मुद्द्यावर येतो. आजवरचा सर्वांत मोठा टेनिसपटू नोव्हाक जोकोविच आहे, आणि 24 ग्रँड स्लॅम (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि यूएस या चार मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं) हे त्याचं मुख्य कारण नाही. आमच्याकडे संध्याकाळी खेळून झालं की कट्ट्यावर हा वाद निघतो आणि दरवेळी एकाच जागी अडकतो: जोकोविच 24, नदाल 22, फेडरर 20, विषय संपला. नुसती बेरीजच करायची तर वाद घालायचा कशाला?

माझी कसोटी वेगळी आहे. समोरच्याच्या बालेकिल्ल्यात शिरून तुम्ही त्याला हरवलंत का?

फेडररचा बालेकिल्ला विम्बल्डन. तिथे जोकोविचने त्याला 2014, 2015 आणि 2019 अशा तीन फायनलमध्ये हरवलं. नदालचा बालेकिल्ला पॅरिस. फ्रेंच ओपनमध्ये नदालने 112 सामने जिंकले आणि फक्त 4 हरले. त्या चारांतले दोन जोकोविचने घेतले, 2015 आणि 2021 मध्ये. दुसऱ्या कुणालाही हे दोनदा जमलेलं नाही. आता उलटं बघा. मेलबर्न, म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपन, हा जोकोविचचा गड, तिथे त्याची 10 विजेतेपदं. नदाल त्याला तिथे एकदाही हरवू शकला नाही. फेडररने एकदा हरवलं, 2007 मध्ये, तेव्हा जोकोविच 19 वर्षांचा पोरगा होता.

2019 ची विम्बल्डन फायनल आठवा. 14 जुलै, त्याच दिवशी लॉर्ड्सवर इंग्लंड आणि न्यूझीलंड यांची विश्वचषक फायनल. अख्ख्या वाडीत रिमोटवरून भांडणं. पाचवा सेट, फेडरर 8-7 ने पुढे, सर्व्हिस त्याचीच, स्कोअर 40-15. विजेतेपद एका पॉइंटवर, आणि तशा दोन संधी. पहिल्यावर फेडररचा फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्यावर तो फोरहँड मारून नेटवर धावला आणि जोकोविचने त्याच्या बाजूने क्रॉसकोर्ट पासिंग शॉट काढला. सगळं सेंटर कोर्ट फेडररच्या बाजूने ओरडत होतं. अशा वेळी हात थरथरत नाही, तो माणूस श्रेष्ठ. त्या सामन्यातले तिन्ही टायब्रेक (बरोबरी झाल्यावर सेट ठरवणारे गेम) जोकोविचने जिंकले.

आपापलं मत मांडा, पण कारणासकट.

रापणकार (आचरा)

माझा मत फेडररक. मालवणीतच लिवतंय. तू बालेकिल्ले मोजतंस, पण माणूस खेळता कसो ता कोण बघतलो? 1500 च्या वर सिंगल्स मॅची खेळलो, एकय अर्ध्यार सोडून गेलो नाय. 2022 च्या सप्टेंबरात लंडनात निरोप घेतल्यान, तेव्हा बाजूक बसलेलो नदाल ढसाढसा रडलो. ज्येच्याशी जन्मभर झुंजलो, तोच रडता. ह्या दुसऱ्या कोणाच्या नशिबात आसा?

खाडीपलीकडे (देवगड)

रापणकार, मन जिंकलंत, पण हा वाद मनावर सोडायची गरज नाही. आकड्यांतही फेडरर उभा राहतो.

सड्यावरून, तुम्ही ज्या तीन फायनल सांगितल्या त्यांत फेडररचं वय काय होतं तेही सांगा की. 2014 ला 33 व्हायला महिना उरलेला, 2019 ला 38 व्हायला. जोकोविच त्याच्याहून जवळपास सहा वर्षांनी लहान. 2012 च्या विम्बल्डन सेमीफायनलला दोघेही ऐन भरात होते, तेव्हा कोण जिंकलं? फेडरर, चार सेटमध्ये. 2011 ला जोकोविच वर्षाच्या सुरुवातीपासून सलग 41 सामने जिंकून पॅरिसच्या सेमीफायनलला पोचला होता, त्याचा अश्वमेध तिथे अडवला कोणी? फेडररनेच. आणि ते लाल मातीवर, जिथे फेडररला सगळे कच्चा म्हणतात.

2019 च्या फायनलचंच बोलू. फेडररने त्या सामन्यात 218 पॉइंट जिंकले, जोकोविचने 204. विनर्स (समोरच्याला न पोचलेले फटके) 94 विरुद्ध 54. एस (समोरच्याची रॅकेटही न लागलेली सर्व्हिस) 25 विरुद्ध 10. हा एका 37 वर्षांच्या माणसाचा खेळ होता. हरला, हे खरं. पण खेळ कोणाचा वरचढ होता हे तो तक्ता बघून कोणीही सांगेल.

आणि सातत्य म्हणजे काय? 2004 ते 2010, लागोपाठ 23 ग्रँड स्लॅममध्ये किमान सेमीफायनल. सहा वर्षं एकही वाईट पंधरवडा नाही, एकही पोट बिघडलेला दिवस नाही. मला हा विक्रम 24 विजेतेपदांपेक्षा अवघड वाटतो.

सड्यावरून (रत्नागिरी)

वयाचा मुद्दा मी मानत नाही, कारण तो लावायचा तर दोन्हीकडे लावावा लागेल. 2024 च्या ऑलिंपिक फायनलला जोकोविच 37 चा आणि अल्कराझ 21 चा. कोर्ट पॅरिसचं, महिन्या-दोन महिन्यांपूर्वी अल्कराझ त्याच मातीवर फ्रेंच ओपन जिंकलेला. निकाल 7-6, 7-6, सुवर्णपदक जोकोविचला. तेव्हा कोणी म्हणालं का, की म्हातारा होता?

आणि फेडरर 30 चा असतानाचंही सांगतो. 2011 ची यूएस ओपन सेमीफायनल, 10 सप्टेंबर, दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. आमच्याकडे गणपती अकरा दिवसांचा, भजन आटोपून आम्ही चुलत भावंडं टीव्हीसमोर बसलेलो. फेडररने पहिले दोन सेट घेतले. पाचव्यात 5-3, सर्व्हिस त्याची, पुन्हा 40-15. जोकोविचने पहिल्या सर्व्हिसवर डोळे मिटून मारावा तसा फोरहँड रिटर्न मारला, रेघेला चाटून गेला. मग प्रेक्षकांकडे बघून दोन्ही हात वर केले, माझ्यासाठीही वाजवा म्हणून. तिथून फेडररला एकही गेम मिळाला नाही, सेट 7-5. त्याच्या आदल्या वर्षीही, त्याच स्पर्धेत, त्याच फेरीत, त्याने फेडररचे दोन मॅच पॉइंट वाचवले होते. 2010, 2011, 2019. तीन वेळा एकच गोष्ट घडते तेव्हा तिला नशीब म्हणत नाहीत.

माडाखालून (मालवण)

नदालचं नाव कोणी धड घेईना, म्हणून लिहिते.

दादा, तुमच्याच कसोटीवर येऊ. बालेकिल्ल्यात शिरायचं ना? 2008 ला नदाल विम्बल्डनमध्ये शिरला, फेडरर तिथे सलग पाच वर्षं जिंकलेला आणि ऐन 26 चा. पावसाने दोनदा थांबलेली फायनल, 4 तास 48 मिनिटं, पाचवा सेट 9-7, शेवटचे पॉइंट जवळजवळ अंधारात. नदाल जिंकला. इथे वयाची सबब कोणालाच सांगता येत नाही. जोकोविचला हार्ड कोर्टचा राजा म्हणता, त्याला नदालने यूएस ओपनच्या दोन फायनलमध्ये हरवलं, 2010 आणि 2013. आणि फ्रेंच ओपनमध्ये जोकोविचने दोनदा हरवलं हे तुम्ही सांगितलंत, पण आठ वेळा तिथेच मार खाल्ला हे गाळलंत. 2020 च्या फायनलचा पहिला सेट तर 6-0.

आपल्याकडे लाल कोर्ट दिसलं की लोकांना जांभ्याची माती वाटते. पॅरिसला ती विटांची भुकटी असते, जेमतेम दोन मिलिमीटरचा थर, खाली चुनखडीचा भराव. चेंडू पडला की मंदावतो आणि उसळतो, म्हणून तिथे एका फटक्यात पॉइंट संपत नाही, तीन-चार वेळा तोच पॉइंट जिंकावा लागतो. अशा जागी 14 वेळा जिंकणं आणि तेही पायाच्या हाडाचा जुनाट आजार घेऊन. 2022 ला तर पाऊल बधिर करायची इंजेक्शनं घेऊन खेळला. एका स्पर्धेवर असा हक्क टेनिसमध्ये दुसऱ्या कोणी गाजवलेला नाही, पुरुषांत नाही आणि बायकांतही नाही.

खाडीपलीकडे (देवगड)

ताई, 22 पैकी 14 एकाच गावात. बाकी तीन ठिकाणी मिळून 8. सर्वश्रेष्ठ म्हणायला हे लंगडं पडतं.

माडाखालून (मालवण)

त्या आठांत बाकीच्या तिन्ही स्पर्धा आहेत आणि ऑलिंपिकचं सुवर्ण वेगळं. फेडररकडे एकेरीचं सुवर्ण नाही, हेही लिहा मग.

बंदरावरचे काका (वेंगुर्ला)

तुम्ही सगळे 2003 नंतरचंच टेनिस बोलताय. त्याआधी काय लोक बॅडमिंटन खेळत होते?

रॉड लेव्हर. एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅम, आणि असं दोनदा, 1962 आणि 1969. पुरुषांत त्याच्यानंतर कोणाला एकदाही जमलेलं नाही. जोकोविचही 2021 ला शेवटच्या फायनलला अडकला. तुम्ही म्हणाल, लेव्हरची फक्त 11. का फक्त 11? 1962 नंतर तो व्यावसायिक झाला आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे व्यावसायिक खेळाडूला या स्पर्धांची दारं बंद. 1963 ते 1967 ही पाच वर्षं आणि 1968 ची ऑस्ट्रेलियन, एकूण 21 स्पर्धा त्याला खेळूच दिल्या नाहीत. वय 24 ते 29. त्याच पाच वर्षांत रॉय इमर्सनने आपल्या 12 पैकी 10 ग्रँड स्लॅम जिंकली. दारं उघडली आणि दुसऱ्याच वर्षी लेव्हरने चारही घेतली. 1969 च्या यूएस फायनलला पावसाने गवत इतकं निसरडं, की तो खिळ्यांचे बूट घालून खेळला. पहिला सेट 7-9 गेला, पुढचे तीन 6-1, 6-2, 6-2.

आपला रामनाथन कृष्णन 1961 ला विम्बल्डनच्या सेमीफायनलला पोचला होता. हरला कोणाशी? याच लेव्हरशी.

ही ग्रँड स्लॅम मोजायची पद्धतसुद्धा अलीकडची आहे. बोर्ग सगळ्या आयुष्यात एकदाच ऑस्ट्रेलियन ओपन खेळला. कॉनर्स दोनदा. ख्रिस एव्हर्ट 1976 ते 78 फ्रेंचला गेलीच नाही. बक्षिसाची रक्कम कमी, प्रवास लांबचा, कोणाला पर्वा नव्हती. ज्यांना माहीतच नव्हतं की हे मोजलं जाणार आहे, त्यांना त्या मापाने मोजायचं हा कुठला न्याय?

शिवाय 2001 पासून विम्बल्डनचं गवत बदललं. पूर्ण राय गवत लावलं, जमीन कडक झाली, चेंडू वर यायला लागला. आधी तिथे सर्व्हिस करून नेटवर पळणाराच टिकायचा. पॅरिस जिंकणारा विम्बल्डन जिंकेल हे बोर्गसारख्याचं काम होतं. आता गवत, माती आणि हार्ड अशा तिन्ही प्रकारच्या कोर्टांवर बेसलाइनवरून (मागच्या रेघेवरून) तोच खेळ चालतो, म्हणून तिघांनीही चारही ठिकाणं जिंकली. सँप्रससारख्या 14 ग्रँड स्लॅमवाल्याला फ्रेंच जन्मात मिळालं नाही, ते उगाच नव्हे.

केवड्याचं बन (गुहागर)

एवढं वाचलं. सगळ्या धाग्यात बायकांचा उल्लेख दोन ओळींचा. शीर्षकात ‘टेनिसपटू’ लिहिलंय, पुरुष टेनिसपटू नाही.

मार्टिना नवरातिलोव्हा: एकेरीत 18, महिला दुहेरीत 31, मिश्र दुहेरीत 10, एकूण 59 ग्रँड स्लॅम. 1983 ला तिने 86 सामने जिंकले आणि एक हरला. मिश्र दुहेरीतली दोन, 2003 ची ऑस्ट्रेलियन आणि विम्बल्डन, तिने लिअँडर पेसच्या जोडीने जिंकली. पेसचे वडील मूळ गोव्याचे, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचे. सेरेना विल्यम्स: 23, त्यातलं शेवटचं 2017 चं पोटात बाळ असताना. बाळंतपणानंतर पुन्हा चार ग्रँड स्लॅम फायनल. वरच्या तिघांपैकी कोणाला ही परीक्षा द्यावी लागली?

पण माझं मत स्टेफी ग्राफला. 1988: चारही ग्रँड स्लॅम आणि सोल ऑलिंपिकचं सुवर्ण, एकाच वर्षात. एकेरीत हे दुसऱ्या कोणीच केलेलं नाही, ना बाईने ना पुरुषाने. फ्रेंचची फायनल तिने 6-0, 6-0 जिंकली. प्रत्येक ग्रँड स्लॅम किमान चार वेळा जिंकलेली ती एकटीच. जोकोविचचं सर्वांत कमी तीनदा, पॅरिसला.

सड्यावरून (रत्नागिरी)

ताई, स्टेफीबद्दल मला आदर आहे, पण मोनिका सेलेसला वगळून तिचा हिशेब पुरा होत नाही. 1991 च्या सुरुवातीपासून 1993 च्या ऑस्ट्रेलियनपर्यंत 9 ग्रँड स्लॅम झाली, त्यातली 7 सेलेसची. 30 एप्रिल 1993 ला हॅम्बुर्गमध्ये कोर्टावरच तिच्या पाठीत सुरा खुपसला गेला, आणि खुपसणारा स्टेफीचा वेडा चाहता होता. सेलेस दोन वर्षांहून जास्त काळ बाहेर. यात स्टेफीचा काडीचा दोष नाही. पण तिची 22 पैकी 11 त्या दिवसानंतरची आहेत.

केवड्याचं बन (गुहागर)

आणि 11 त्याआधीची. 1988 चं वर्ष तर सेलेस 14 वर्षांची असतानाचं, त्याला कोण हात लावणार?

तुमचीच कसोटी लावते. सेलेसचा बालेकिल्ला पॅरिस, तिथे ती सलग तीनदा जिंकली. स्टेफीने तिला तिथे 1999 च्या सेमीफायनलला पहिला सेट हरून हरवलं आणि पुढे स्पर्धाही जिंकली. विम्बल्डन हा नवरातिलोव्हाचा बालेकिल्ला, तिथे ती 1982 पासून सलग सहा वर्षं अजिंक्य. 1988 च्या फायनलला 19 वर्षांच्या स्टेफीने पहिला सेट 5-7 गमावला आणि पुढचे दोन 6-2, 6-1 घेतले. पुढच्या वर्षी पुन्हा तिलाच, तिथेच. आता सांगा.

सड्यावरून (रत्नागिरी)

1988 ला नवरातिलोव्हा 31 ची होती, ताई. उतरती कळा लागलेली. त्या विजयाला मी फेडररला विम्बल्डनमध्ये हरवण्याइतकं वजन देणार नाही.

खाडीपलीकडे (देवगड)

थांबा थांबा. नवरातिलोव्हाचं 31 चालत नाही आणि फेडररचं 37 चालतं? वर तुम्हीच लिहिलंय, वयाचा मुद्दा मी मानत नाही. आधी याचं उत्तर द्या, मग स्टेफीकडे वळू.