मदत हवी आहे : थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आईचा आवाज गेला आहे

नमस्कार मंडळी. पावसाळ्याच्या तोंडावर आईची थायरॉइडची गाठ काढली. गाठ साधी निघाली, पण आवाज गेला तो अजून आलेला नाही. बोलताना नुसती हवा जाते, एक वाक्य पुरं करायला दोनदा श्वास घ्यावा लागतो. ईएनटी डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून पाहिलं : उजवा स्वरतंतू नीट हलतो, डावा जागचा हलत नाही. थायरॉइडला लागून जाणारी नस दुखावली असावी, असं ते म्हणतात.

नस तुटलेली नसेल तर ६ ते १२ महिन्यांत सावरू शकते, म्हणून थायरोप्लास्टीची (न हलणारा स्वरतंतू कायमचा मध्ये सरकवण्याच्या ऑपरेशनची) घाई नको, हे मला पटतं. स्पीच थेरपी चालू आहे. पण जास्त काळजी गिळण्याची वाटते. पेज, मऊ भात जातो. पाणी किंवा ताक घेतलं की ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला तर?

तंतूला तात्पुरता फुगवटा देणारं हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन तुमच्या घरी कुणी घेतलं आहे का? त्याचा परिणाम काही महिनेच टिकतो, ते चालेल. ठसका कमी झाला का, आणि जागेपणी दिलं की पूर्ण भूल देऊन, एवढं सांगा. स्वरयंत्राची ईएमजी (नसेचे संदेश स्नायूंपर्यंत पोहोचतात का, हे बघणारी तपासणी) कुणी केली असेल तर तिचा निर्णय घ्यायला उपयोग झाला का? पुण्या-मुंबईत फक्त आवाजाचं काम बघणारे डॉक्टर माहीत असतील तर जरूर कळवा.

काढे, ज्येष्ठमध कृपया सुचवू नका, प्रश्न नसेचा आहे.